डीजीचे तास आणि सोडून गेलेली पोरं : खानापूरच्या एका टॉवरचं प्रकरण

हे प्रकरण एका टॉवरचं आहे. खानापूर तालुक्यात जांबोटीवरून कणकुंबीकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडा आत, भाताच्या शेताला लागून उभा असलेला मोबाईलचा टॉवर, आणि तो सांभाळणारी चार-पाच पोरं. मी तेव्हा कंपनीच्या बेळगाव क्लस्टर ऑफिसात एमआयएस बघायची, म्हणजे कुठली साइट किती वेळ बंद होती, करंट किती तास होता, डिझेल किती गेलं हे सगळं एक्सेलमध्ये भरायचं आणि रोज सकाळी दहाच्या आत हुबळीच्या वरच्या ऑफिसला पाठवायचं. कंपनीचं नाव लिहीत नाही, गावाचंही लिहीत नाही, कारण गाव सांगितलं की आमच्याकडची माणसं लगेच ओळखतात कुणाचं शेत आणि कुणाचा पोरगा. पण जे घडलं ते पूर्ण लिहायचंय कारण टेलिकॉममध्ये ‘ग्रीन’ आणि ‘चांगलं वर्कप्लेस’ हे दोन शब्द मी इतके वेळा ऐकले, आणि दोन्हींचा खरा अर्थ मला त्या एका शेताच्या बांधावर उभं राहून कळला.

आधी ऑफिसबद्दल सांगते, कारण त्याच्यावर अन्याय नको. टिळकवाडीतलं ते ऑफिस मला मनापासून आवडायचं. स्वच्छ बाथरूम, फिल्टरचं पाणी, उशीर झाला तर मुलींना घरी सोडायला गाडी, तक्रार समिती कागदावरची नाही तर खरोखर चालणारी. माझ्या बाळंतपणात मला पूर्ण २६ आठवडे पगारी रजा मिळाली, २०१७ च्या दुरुस्तीनंतर तो कायदाच आहे हे खरं, पण कायदा असून किती ठिकाणी बायकांना राजीनामा द्यायला लावतात ते आपण बघतोच. माझी खुर्ची, माझं काम, सगळं परत आल्यावर जसंच्या तसं होतं. ५ जूनला पर्यावरण दिन जोरात व्हायचा, प्रत्येक साइटवर दोन रोपं लावायची आणि फोटो अपलोड करायचे. आमच्याकडे जूनच्या पहिल्या आठवड्यात वळीव येऊन गेलेला असतो, माती ओली असते, त्यामुळे रोपं जगायचीही. एका साइटवरचा फणस आता माझ्या डोक्यापेक्षा उंच झालाय.

म्हणजे कंपनी वाईट नव्हती. प्रश्न असा होता की जे चांगलं होतं ते ऑफिसच्या काचेच्या दाराशी येऊन थांबत होतं.

आता टॉवर चालतो कसा ते थोडं सांगायला लागेल नाहीतर पुढचं कळणार नाही. टॉवरवरची यंत्रं ४८ व्होल्ट डीसीवर चालतात. करंट असला की रेक्टिफायर लाइनच्या विजेचं डीसी करतो, यंत्रं चालवतो आणि बॅटरी बँक चार्ज करतो. करंट गेला की बॅटरी, आणि बॅटरी उतरायला लागली की डीजी, म्हणजे डिझेल जनरेटर. आमची ही साइट जुनी, इनडोअर, म्हणजे सगळी यंत्रं एका बंद शेल्टरमध्ये, म्हणजे छोट्या खोलीत, आणि ती गार ठेवायला एसी. कणकुंबीकडे पावसाळ्यात बाहेर धुकं, अंगावर स्वेटर घालावा इतका गारठा, आणि आत एसी चालू, कारण बंद खोलीत यंत्रं स्वतःच तापतात. आणि एसी बॅटरीवर चालत नाही. म्हणून करंट गेला की अर्ध्या-पाऊण तासात आतलं तापमान चढायचं, हुबळीला हाय टेम्परेचरचा अलार्म जायचा, तिथून पोराला फोन, “डीजी लाव.” बॅटरीत अजून जीव असताना डीजी लावायचा, फक्त एसीसाठी.

वर बॅटऱ्या जुन्या, लेड-ॲसिडच्या, २ व्होल्टचे २४ सेल. पावसाळ्यात जंगलातून आलेल्या लाइनवर झाड पडतं, फांदी पडते, कधी कधी दोन दोन दिवस करंट नसतो, आणि अशा बॅटऱ्या सारख्या पूर्ण उतरल्या आणि कधीच नीट भरल्या नाहीत की मरतात. मग सगळा भार डीजीवर. जुलैत त्या साइटचा डीजी दिवसाला सरासरी ११ तास चालत होता, आणि १५ केव्हीएचा डीजी कमी लोडवर चालवला तरी तासाला दोनेक लिटर पितोच. म्हणजे दिवसाला २२ लिटर. एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे एका टॉवरचा रोजचा ५९ किलो. पावसाळ्याचे १२० दिवस धरले तर २,६०० लिटरच्या वर डिझेल आणि सात टन धूर, एका साइटचा.

हा हिशेब मी रोज करत होते. पण ते २२ लिटर तिथपर्यंत जातं कसं हा विचार माझ्या डोक्यात कधी आला नव्हता.

२०२२ च्या जुलैत दोन गोष्टी एकाच आठवड्यात झाल्या. एक म्हणजे एचआरच्या मॅडमनी मला सोडून गेलेल्या टेक्निशियन लोकांची यादी मागितली, कुठली साइट कुणाकडे होती ते जुळवायला. पोरं टिकत नव्हती, चार-पाच महिने काम करायची आणि एक दिवस फोन बंद. चोर्ला घाट उतरला की गोवा, तिथं कारखान्यात शिफ्ट आठ तासांची, रविवारी सुट्टी, खानापूरची निम्मी पोरं तिकडेच जातात. मी ती यादी उघडली आणि शेजारच्या शीटमध्ये डीजीचे तास होते, सगळ्यात जास्त तासांच्या साइट वर. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या आणि मी बघतच राहिले. वरची नावं तीच. जिथं डीजी जास्त चालतो तिथूनच पोरं पळतात. यात काही मोठं संशोधन नाही, कुणीही केलं असतं, पण डिझेलची शीट ऑपरेशनवाले बघायचे आणि माणसांची शीट एचआर, आणि दोन्ही कधी एका टेबलावर आल्याच नव्हत्या.

दुसरी गोष्ट म्हणजे तक्रार. टॉवरशेजारच्या शेतकऱ्याची, तिसऱ्यांदा. सिस्टिममध्ये ती ‘रेडिएशन’ म्हणून नोंदवलेली होती कारण तक्रारीच्या फॉर्ममध्ये शेतकऱ्यांसाठी दुसरा रकानाच नव्हता. त्याला उत्तर म्हणून ईएमएफ टेस्टचा, म्हणजे रेडिएशनच्या मोजणीचा, रिपोर्ट पाठवून तक्रार बंद केलेली. रिपोर्ट खरा होता, १ सप्टेंबर २०१२ पासून आपल्या देशात टॉवरच्या रेडिएशनची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे, ९०० मेगाहर्ट्झला चौरस मीटरला ०.४५ वॅट, आणि आमची साइट त्याच्या खूप आत होती. पण तिसरी तक्रार आली तेव्हा आमच्या क्लस्टर सरांनी सांगितलं, “तू मराठीत बोलशील, जाऊन ये एकदा.”

मी त्या आधी एकदाही साइटवर गेले नव्हते. दोन वर्षं त्या साइटचे आकडे भरत होते.

जांबोटी सोडल्यावर पावसाने समोरचं दिसेना. मुख्य रस्त्यावरून साइटपर्यंत कच्चा रस्ता, पिकअप आत जाईना म्हणून आम्ही उतरून चालत निघालो आणि समोरून डिझेल भरणारा पोरगा येत होता, रिकामा कॅन हातात. भरलेला २० लिटरचा कॅन साडेसोळा-सतरा किलोचा होतो, तो खांद्यावर घेऊन चिखलातून अर्धा किलोमीटर, रोज. मी विचारलं रोज किती खेपा. म्हणाला, “एक तर असतीच की मॅडम. पंप बंद असला, रस्ता बंद असला की मग दुसऱ्या दिवशी दोन.” माझ्या एक्सेलमधलं २२ लिटर म्हणजे हा पोरगा होता.

शेतकरी, सगळे त्यांना आबा म्हणत होते म्हणून मीही आबाच म्हणते, बांधावर इरलं घेऊन उभे होते. रोप लावणी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. टॉवरच्या कुंपणाला लागून जो वाफा होता त्यातल्या पाण्यावर तवंग होता, निळा-जांभळा-पिवळा, आणि कोपऱ्यातली रोपं पिवळी पडून बसलेली. आबांनी वाकून हाताने पाणी हलवलं, तवंग फाटला आणि परत जुळला. हात माझ्या नाकाशी धरला. “वास घे बाई.” जळक्या ऑइलचा वास. मग त्यांनी खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला कागद काढला, आमचा तो ईएमएफ रिपोर्ट, इंग्रजीतला. म्हणाले, “ह्यात माझ्या शेताचं काय लिवलंय तेवढं वाचून दाव.”

त्यात त्यांच्या शेताचं काहीच लिहिलेलं नव्हतं. मी तसं सांगितलं. दुसरं काय सांगणार होते.

तेल कुठून आलं ते शोधायला फार वेळ लागला नाही. डीजीचं इंजिन ऑइल साधारण ५०० तासांनी बदलतात. दिवसाला ११ तास म्हटलं की दीड महिन्यात ५०० तास भरले, आणि दर वेळी सहा-सात लिटर जळकं ऑइल निघतं. उन्हाळ्यात ते जळकं ऑइल गावातले लोक मागून नेतात, वाशांना आणि कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून फासतात. पावसाळ्यात कोण नेणार. मग ते कुंपणाच्या आत खड्ड्यात ओतलं जायचं आणि पावसाने खड्डा भरला की बाहेर, वाफ्यात, वाफ्यातून ओढ्याला. मी टेक्निशियनला विचारलं असं का करता, आणि तो चिडला नाही, लाजलाही नाही, त्याने मला मोबाईलवर मेंटेनन्सची चेकलिस्ट उघडून दाखवली. त्यात प्रश्न होता, ऑइल बदललं का, हो किंवा नाही. जुन्या ऑइलचं काय केलं हा प्रश्नच नव्हता. त्यासाठी कॅन नव्हता, ते परत न्यायला गाडीचं भाडं नव्हतं. वापरलेलं ऑइल हा धोकादायक कचरा आहे, २०१६ च्या नियमांप्रमाणे ते परवानाधारक रिसायकलरलाच द्यायला लागतं, हे बेळगावच्या ऑफिसात फाइलमध्ये होतं. साइटवर नव्हतं.

आणि तो ओढा. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते हे आमच्याकडे शाळेतलं पोरही सांगतं. खानापूर तालुक्यातलं पाणी गोळा करत ती नदी सौंदत्तीजवळ नविलुतीर्थच्या धरणात जाते आणि त्या धरणाचं पाणी हुबळी-धारवाडच्या नळाला येतं. ज्या टेबलावरून “डीजी लाव” असा फोन यायचा, त्या टेबलावरच्या बाटलीत मलप्रभेचंच पाणी. दक्षिणेला भीमगड अभयारण्य, डिसेंबर २०११ मध्ये जाहीर झालेलं, १९० चौरस किलोमीटरचं, बारापेडेच्या गुहेतली ती दुर्मिळ वटवाघळं तिथलीच. अशा मुलखात आम्ही रोज ११ तास इंजिन चालवत होतो आणि त्याचं तेल जमिनीत सोडत होतो.

शेल्टरमध्ये गेले तर कोपऱ्यात बॅटऱ्यांच्या शेजारी चटई आणि एक उशी. टेक्निशियन रात्री तिथेच झोपायचा, घर सात किलोमीटरवर असून, कारण रात्रीत दोनदा तरी उठून डीजी लावायला किंवा बंद करायला लागायचा, डीजी आपोआप चालू-बंद करणारं ऑटोचं पॅनल खराब होऊन पडलेलं. वय चोवीस, खानापूरचा आयटीआय झालेला. बूट काढल्यावर त्याचे पाय दिसले, बोटांच्या बेचक्यांत पांढऱ्या फाटलेल्या चिखल्या. सतत ओल्या बुटात राहून होतात, शेतात राबणाऱ्यांना होतातच, पण शेतकरी रात्री तरी घरी जाऊन पाय शेकतो. हा पोरगा व्हेंडरच्या, म्हणजे कंत्राटदाराच्या, पगारावर होता. हार्नेस, म्हणजे वर चढताना अंगाला बांधायचा पट्टा, होता पण एकच हूक चालणारा, म्हणजे वर चढताना एक हूक सोडून दुसरीकडे लावेपर्यंत माणूस नुसता हातावर. मी विचारलं ट्रेनिंग झालं का, तर झालं होतं, ऑनलाइन, हिंदी आणि इंग्रजीत, शेवटी टिक मारायची. “कळलं काय त्यातलं?” “थोडं थोडं.” तो मराठी बोलतो, शाळेत कन्नड शिकला, आणि ज्या गोष्टीवर त्याचा जीव अवलंबून आहे ती त्याला या दोन्ही भाषांत कुणी सांगितलेली नव्हती. सीमाभागात भाषेवरून आपण किती बोलतो, आणि टॉवरवर चढणाऱ्या पोराला त्याच्या भाषेत दोन पानांची सूचना मिळत नाही याबद्दल कुणी बोलत नाही.

परत येताना मी गाडीत काही बोलले नाही. मला लाज वाटत होती, माझ्या टेबलावरच्या रोपाची सुद्धा.

पुढचं सगळं सरळ झालं असं नाही. पहिला उपाय आला तो सोलर. दूरसंचार विभागाने २०१२ च्या जानेवारीतच सांगितलं होतं की २०१५ पर्यंत ग्रामीण भागातले निदान ५० टक्के टॉवर आणि २०२० पर्यंत ७५ टक्के टॉवर हायब्रिड पॉवरवर यायला पाहिजेत, म्हणजे ग्रिड आणि सोबत सोलर-वारा असं काहीतरी. त्यामुळे वरच्या लोकांच्या डोक्यात ग्रीन म्हणजे पॅनल. सप्टेंबरात पॅनल आले, बसवले, फोटो निघाले. पण जरा विचार करा, या साइटला करंट जातो कधी? पावसाळ्यात. आणि सूर्य नसतो कधी? पावसाळ्यातच. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तिथं आठ आठ दिवस ऊन दिसत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये पॅनल मस्त वीज देतात, तेव्हा करंटही असतो. बेळगाव जिल्हा नकाशावर एकच दिसतो पण कणकुंबी आणि अथणी म्हणजे दोन वेगळे देश, अथणीत पाऊस कमी, ऊन रखरखीत, तिथं सोलर सोनं आहे. हे आमच्या टेक्निशियनने पॅनल उतरवतानाच बोलून दाखवलं होतं, पण त्याला विचारतो कोण. पुढच्या वर्षी ते पॅनल काढून अथणीकडच्या साइटला नेले आणि तिथं ते आजही चांगलं काम देतात.

खरा उपाय कमी फोटो निघणारा होता. शेल्टर आणि एसी काढून टाकला, यंत्रं आउटडोअर कॅबिनेटमध्ये बसवली, ती बाहेरच्या हवेवरच गार राहतात. एसी गेल्याबरोबर करंट गेला की लगेच डीजी लावायचं कारणच संपलं. मग लेड-ॲसिडच्या जागी लिथियम बॅटरी. हिचा फायदा असा की ती पटकन चार्ज होते, त्यामुळे डीजी चालवायचाच असेल तर थोडा वेळ पण चांगल्या लोडवर चालवायचा, बॅटरी भरून घ्यायची आणि बंद करायचा. कमी लोडवर रटाळत चालणारं इंजिन डिझेल अर्धवट जाळतं, काजळी धरतं, तेही थांबलं. ऑटो पॅनल दुरुस्त केलं, तेवढं तर पहिल्या दिवशी करता आलं असतं. जुन्या बॅटऱ्यांचं शिसं रिसायकलरकडे गेलं, पावतीसकट, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये बॅटरी कचऱ्याचे नवे नियम आले त्यात लिथियमही धरलंय, म्हणजे ही बॅटरी मेल्यावरही ती कुणाला भंगारात विकता येणार नाही हे आधीच ठरलेलं बरं.

२०२३ च्या जुलैत त्या साइटचा डीजी दिवसाला तीन-साडेतीन तासांवर आला. डिझेलचा कॅन तीन दिवसांनी एक.

जळक्या ऑइलचं काम पैशाने सगळ्यात छोटं आणि करून घ्यायला सगळ्यात अवघड गेलं. चेकलिस्टमध्ये मी दोन रकाने घातले, किती लिटर ऑइल निघालं आणि कॅन कुठे दिला, पावतीचा फोटो. त्या दोन रकान्यांसाठी चार महिने मेल चालले कारण ॲपमध्ये बदल करायला वरून मंजुरी लागते, आणि प्रत्येक जण विचारायचा की सहा लिटरसाठी एवढं? मी प्रत्येकाला आबांच्या वाफ्याचा फोटो पाठवत गेले. डीजीखाली सिमेंटचा कठडा करून तेल सांडलं तरी आतच राहील असं केलं. कुंपणातली तेलकट माती खणून पोत्यांत भरून रीतसर पाठवली. आबांना त्या हंगामाची भरपाई मिळाली, फार नाही, पण कुणीतरी घरी जाऊन दिली आणि सोबत मराठीत लिहिलेला कागद दिला.

आता माणसांचं. पोरं व्हेंडरची, कंपनीची नाहीत, हे वाक्य मी ऑफिसात किती वेळा ऐकलं असेल. पण १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात तेव्हाही स्पष्ट होतं की कंत्राटदाराने पगार दिला नाही तर तो मूळ मालकाला द्यायला लागतो, पिण्याचं पाणी, विश्रांतीची जागा, प्रथमोपचार यांची जबाबदारी शेवटी मूळ मालकावरच येते. एचआरच्या मॅडमनी हे धरून ठेवलं, त्यांचं मला खूप कौतुक आहे, त्यांनी व्हेंडरची बिलं पगाराच्या पावत्या आणि पीएफच्या भरण्याशिवाय पास करायचं थांबवलं. एका महिन्यात ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, कार्डं आली. ती कार्डं आधीपासून बनायला हवी होती, पोरांच्या पगारातून पैसे कापले जात होते.

रात्रीची पाळी वाटून घेतली, तीन साइटमध्ये चार जण, आठवड्याला एक सुट्टी. डीजीचे तास कमी झाले म्हणूनच ते जमलं, हे मला मुद्दाम सांगायचंय. आधी सुट्टी देतो म्हटलं असतं तरी देता आली नसती, कारण रात्री कुणीतरी तिथं झोपायलाच लागायचं. सात टनांचे दोन-अडीच टन झाले तो आकडा रिपोर्टमध्ये गेला, पण डीजीचे जे साडेसात-आठ तास कमी झाले ती त्या पोराची झोप होती. शेल्टर काढलं तेव्हा ती चटई त्याने घरी नेली.

दुहेरी हुकाचे हार्नेस आले. ट्रेनिंग जांबोटीतल्या एका हॉलमध्ये झालं, प्रत्यक्ष, मराठीत आणि कन्नडमध्ये, जो माणूस स्वतः वीस वर्षं टॉवर चढलाय तो शिकवायला. आणि एक नियम झाला जो मला सगळ्यात मोठा वाटतो : पाऊस-वीज असताना चढायचं की नाही हे साइटवरचा पोरगा ठरवणार, हुबळी नाही. त्याने नाही म्हटलं तर तिकिटावर, म्हणजे बिघाडाच्या नोंदीवर, त्याच्या नावाने उशीर लागणार नाही. हुबळीत ऊन असतं तेव्हा कणकुंबीत कोसळत असतं, आधी त्यावरून किती वाद व्हायचे. गमबूट दिले, साधी गोष्ट. चिखल्यांना लावायला मलम प्रथमोपचाराच्या पेटीत ठेवलं, ते कुठल्याच नियमात नव्हतं.

त्या यादीतला एक पोरगा गोव्याहून परत आला. बाकीचे नाही आले, आणि का यावं, तिकडे पगार अजूनही जास्त आहे.

रिपोर्टचंही थोडं सांगते कारण ज्यांना मोठ्या कंपन्यांचे असे रिपोर्ट वाचायची वेळ येते त्यांना उपयोग होईल. २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या वरच्या १,००० लिस्टेड कंपन्यांना बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने बीआरएसआर नावाचा अहवाल सक्तीचा केलाय, त्यात पर्यावरण आणि कर्मचारी दोन्हींवर प्रश्न असतात. टेलिकॉम कंपनीचा वाचताना दोन जागा बघा. पहिली, डिझेल कुणाच्या नावावर मोजलंय. पुष्कळ ठिकाणी टॉवर एका कंपनीचा, यंत्रं दुसरीची, त्यामुळे डीजीचा धूर कधी थेट उत्सर्जनात येतो आणि कधी ‘स्कोप तीन’ म्हणजे दुसऱ्याकडून झालेल्या उत्सर्जनात जातो. दुसरी जागा, विम्यासारख्या सोयींचे आकडे कायम कर्मचारी आणि कायम नसलेले यांचे वेगवेगळे दिलेले असतात. ते टक्के आधी कायमवाल्यांचे वाचून खूश होऊ नका, त्याच्या खालची ओळ वाचा. आमचा पोरगा त्या खालच्या ओळीत असतो.

मी आता दुसऱ्या विभागात आहे पण त्या साइटची शीट अजून बघते. गेल्या पावसाळ्यात गेले होते, आबांचा कुंपणाजवळचा वाफा हिरवा होता, कोपऱ्यातला हातभर तुकडा मात्र अजून धरत नाही, तिथं रोप खुरटंच राहतं. आबा म्हणाले दोन-तीन वर्षं जातील, शेण घालतोय. डीजी बंद होता, त्यामुळे ओढ्याचा आवाज येत होता, पहिल्या वेळी मी तिथं गेले तेव्हा ओढा इतक्या जवळ आहे हे मला ऐकूही आलं नव्हतं.

व्हेंडरचं कंत्राट आता मार्चमध्ये नव्याने निघायचंय. मसुदा आला त्यात आठवड्याच्या सुट्टीचं कलम नव्हतं, जुना फॉरमॅट उचललेला. मी आणि एचआरच्या मॅडमनी ते परत घातलंय, आणि जळक्या ऑइलच्या गाडीभाड्याची ओळही घातलीय. अजून सही झालेली नाही.